घरटी एक माणूस

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त घासाघीस कोणी केली असेल, तर ती नवरीने. म्हणजे मी. हे मी आजही छाती काढून सांगते आणि माझ्या सासूबाई आजही ते ऐकून तोंडाला पदर लावतात.

झालं असं, की सोयरीक जमली त्या संध्याकाळी बाबांनी मला जवळ बसवलं. आमचं गाव रिसोडपासून काळीपिवळी जीपनं अर्ध्या तासावर. शेती बेताची, पण कोणाचं देणं नाही, हा बाबांचा मोठा तोरा. माझ्या लग्नासाठी त्यांनी तीन हंगामांच्या सोयाबीनमधून पैसे बाजूला ठेवले होते. म्हणाले, “पाह्य, एवढे हायेत. याच्यावर एक रुपया मी कोनाजवळ मांगनार नाही. अन् याच्यातून वाचलेच काही, त ते तुह्ये.”

‘वाचलेच’ म्हणताना ते हसले. लग्नाच्या पैशातून पैसे वाचतात, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नव्हतं. मी मात्र हसले नाही. मला मशीन पाहिजे होतं.

साधं शिलाई मशीन नाही. ते घरी होतं, आईचं, कुरकुर करणारं. मला पाहिजे होतं पिकोचं. दोन वर्षं मी रिसोडला एका बाईंकडे शिवण शिकायला जायची आणि येता-जाता एका शेठजींच्या दुकानात ते मशीन पाहून यायची. शेठजी बिचारे सज्जन. पहिल्या महिन्यात ते “या ताई, बसा ताई” म्हणायचे, दुसऱ्या महिन्यात नुसतं “या”, आणि नंतर मी आले की मशीनवरचं फडकं काढून आपल्या कामाला लागायचे.

आता सासरचं सांगते. सासर धनजकडचं. तिकडच्या बाया मला पाहायला आल्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे मी खाली मान घालून बसले. खाली मान घातल्यावर काय दिसणार? साड्यांचे काठ. सासूबाईंचा पिको उसवलेला, त्यांच्या जावेचा फॉल लोंबलेला. मला काही राहवलं नाही. मी विचारलं, “मावशी, तुमी पिको कुठं करता?” आईनं मागून मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. पण सासूबाई बोलल्या, “काय सांगू बाई, कारंजाले जा लागते. एकडाव टाकाले, एकडाव आनाले.”

पोरगा मी तिथंच पसंत केला. म्हणजे पोरगाही चांगला होता, नोकरी नसली तरी हाताला काम होतं, बोलायला गोड होता. पण त्याच्या गावात पिकोचं मशीन नव्हतं, हे जास्त चांगलं होतं.

मग मी कामाला लागले. पहिला घाव घातला तो साक्षगंधावर. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात आणि त्यात अर्ध्या लग्नाएवढी माणसं जेवून जातात. मी म्हटलं, साक्षगंध आणि लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात. आई म्हणाली, “लोकं म्हनतीन, पोरीले कायची घाई झाली?” मी म्हटलं, म्हणू दे, म्हणणाऱ्यांना जेवण तर एकदाच घालावं लागेल. सासरकडच्यांना निरोप गेला आणि ते इतक्या झटकन हो म्हणाले, की आई दोन दिवस काळजीत होती.

दुसरा घाव पत्रिकेवर. देवाला ठेवायला पाच छापल्या, बाकी सगळ्यांना मोबाईलवर. झालं! मामा फुगला. सख्खा मामा, त्याचा पाय मांडवात नाही तर लग्न नाही. फोनवर म्हणाला, “मोबाईलवर आवतन देल्लं ना? मंग मी बी मोबाईलच पाठोतो लग्नाले. त्याच्यावर अक्षदा टाकजा.” शेवटी देवाच्या पाचातली एक काढून, हळदकुंकू लावून, बाबा स्वतः एसटीनं जाऊन त्याच्या हातात देऊन आले. देवानं समजून घेतलं, मामानं नसतं घेतलं.

तिसरा घाव साड्यांवर. आहेराच्या साड्या आईच्या पेटीत दहा वर्षांच्या साठलेल्या. आमच्याकडे आहेराची साडी कोणी नेसत नाही. ती गावोगाव फिरते. फक्त एक सांभाळायचं, जिनं दिली तिलाच परत जाऊ नये. आईच्या डोक्यात सगळा हिशेब पक्का. साडी उचलली की “हे लहान मावशीची, हे वाशीमवाल्या वहिनीची, हे पाह्य, हे मीच देल्ली होती मोठ्या मावशीले, मांगच्या साली मलेच आली.” त्या साडीची घडी मोडली तेव्हा आतून दोन डांबरगोळ्या पडल्या. दोन्ही आमच्याच होत्या.

ब्लाउज मी स्वतः शिवले. माझे, आईचे, बहिणीचे, दोन्ही मावश्यांचे. डीजे कापला, वाजंत्री ठेवली. घोडा कापला. घोड्याबद्दल मात्र नवरदेवाशी बोलणं भाग होतं. लग्न ठरल्यावर त्याचा पहिला फोन आला, मी गोठ्यामागं जाऊन उचलला. तो बिचारा किती तयारी करून बोलत होता! “जेवली का? काय करून राह्यली? माही आठवन येते का?” मी म्हटलं, “येते ना. वरातीत किती मानसं येऊन राह्यले?”

त्यानं तिकडं घरातल्या कोणाला तरी विचारलं. मग म्हणाला, “तीन गाड्या.”

“दोन करा. अन् घोड्याचं राहू द्या, तुमी पायी चांगले दिसता.”

“तू लग्न करून राह्यली का ठेका घेतला?” असं तो म्हणाला खरा, पण दोन गाड्या केल्या. पायी आला. चांगला दिसला.

एवढं सगळं करून मी रात्रंदिवस ज्या गोष्टीला भीत होते, ती म्हणजे आवतन. बाकी सगळं चिल्लर. लग्नाचा खरा खर्च जेवणात, आणि जेवण किती माणसांचं ते ठरतं आवतनावर. आमच्या गावात जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक, घरटी एक माणूस. म्हणजे घरातून एकानं यायचं, मान राहिला, काम झालं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारा, म्हातारी, लेकरं, आलेले पाहुणे, सगळे मांडवात. आमच्या गावात दोनशे घरं. दोनशे माणसं जेवली तर माझं मशीन. दोनशे चुली बंद झाल्या तर मशीन काय, मशीनची सुईसुद्धा नाही.

बाबा आधी कां-कूं करत होते. “गावात आपन सगळ्याइकडं चूलबंद जेवलो आहो,” असं दोनदा म्हणाले. पण मी पाठच सोडली नाही. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला आहे, वाचलं ते माझं. शब्दाचं नाव काढलं की बाबा गप्प बसतात. “बरं,” म्हणाले. आचाऱ्याला साडेचारशे माणसांचा अंदाज सांगितला, गाव, वऱ्हाड आणि नातेवाईक मिळून. त्याप्रमाणे किराणा आला, भांडी आली. आणि किराणा आल्यावर जे उरलं, ते बाबांनी माझ्या हातात आणून दिलं. मी त्याच्यासाठी खणाची छोटी पिशवी शिवूनच ठेवली होती. पिशवी भरली. मी शेठजींना फोन केला, “लग्न झालं का येते, कोनाले देऊ नका.” शेठजी म्हणाले, “दोन वर्षांपासून कोणाले देल्लं का मी?”

गावात आवतन सांगायला एक म्हातारबुवा होते. गावातल्या कोणत्याही लग्नाचं आवतन तेच सांगत. दारापुढं उभं राहून असं ओरडत की चार घरं एकदम ऐकत. त्यांच्या जिभेला ‘चूलबंद’ची सवय, म्हणून मी त्यांना घरी बोलावून, चहा पाजून, तीनदा घोकवून घेतलं. घरटी एक माणूस. ते म्हणाले, “अवं हाव ना पोरी, मी काय निरा येडा हाओ का?” तरी माझा भरवसा नव्हता. मी बाबांना सोबत पाठवलं, लक्ष ठेवायला.

दोघं दुपारी निघाले आणि दिवेलागणीला परत आले. मी हळदीच्या अंगानं दारातच विचारलं, “सांगतलं ना?” म्हातारबुवा म्हणाले, “सांगतलं.” बाबा पाय धुवायला मागं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साक्षगंध झालं. मुहूर्त साडेबाराचा होता, लग्न पावणेदोनला लागलं, म्हणजे आमच्या मानानं वेळेवर. मंगळसूत्र घालून, मुंडावळ्या बांधून मी आतल्या खोलीत खिडकीजवळ बसले होते. वऱ्हाड जेवून उठलं होतं, आता गावाची पंगत. खिडकीतून मांडव दिसत होता. समोरच्या घरातून सात माणसं आली. मी म्हटलं, असतील पाहुणे. त्यांच्यामागं कोपऱ्यावरच्या घरातून नऊ. त्यात एक पाळण्यातलं लेकरू. मी म्हटलं, लेकरू काय खाते? मग सुतारांच्या घरचे सगळे, मग मागच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून, मग शाळेतनं पोट्टे दप्तरासकट. बाप्पा रे! मी मोजायला लागले. नवरीला बोटांवर मोजताना पाहून माझी जाऊबाई शेजारणीला म्हणाली, “जप करून राह्यली वाटते.”

अडीचशेवर मी मोजणं सोडलं. कारण रस्त्यानं अजून येतच होते. नटून-थटून, हसत, पोट रिकामं ठेवून. रागानं माझ्या कानशिलाला आग लागली. मी बहिणीला म्हटलं, जा, त्या म्हातारबुवाला पकडून आण.

ते आले. नवीन धोतर, कपाळाला टिळा. मी दात-ओठ खाऊन म्हटलं, “तीनदा घोकवलं होतं ना मी तुमाले! काय सांगतलं तुमी गावाले?”

ते मुळीच डगमगले नाहीत. “माह्यावर कायले तापतं? पयल्या दारी मी बरोबर सांगतलं. घरटी एक मानूस. तुह्या बापाले इचार मंग काय झालं ते. मले जेवाले जाऊ दे, भात थंडा होऊन राह्यला.”

तेवढ्यात बाबाच दारात आले. आचारी त्यांच्या मागंच होता, तो बाहेर थांबला. बाबांचा फेटा सुटत आला होता. त्यांनी खोलीतल्या बायांकडे पाहिलं, बाया समजून बाहेर गेल्या. मग ते माझ्यासमोर खाली बसले. मी पाटावर आणि बाप जमिनीवर, मला कसंतरी झालं.

“भाजी संपली,” ते म्हणाले. “बुंदी संपली. वरन-भात एका पंगतीचा हाय. अर्धं गाव जेवाचं हाय अजून.”

“तुमी चूलबंद सांगतलं.”

“हाव.”

“काहून?”

बाबा खालीच पाहत होते. “पयलंच घर बुढीचं,” ते म्हणाले. शाळेमागं एक म्हातारी राहते, ती, तिची सून आणि नातू. मुलगा ऊसतोडीला गेलेला. “म्हातारबुवानं आवतन सांगतलं, घरटी एक मानूस. बुढी दाराशी आली. म्हने, ‘एक म्हंजे कोन रे बाबू? मी येऊ, का सून येऊ, का ह्या लेकराले पाठोऊ?’ टोमना नाही मारला बाई तिनं. खरंच इचारून राह्यली होती. जे घरी राहीन तिच्यापुरतं रांधाचं का नाही, ते ठरवाले. मंग म्या काय सांगू? बुढीले म्हनू तू नको येऊ, का लेकराले म्हनू तू नको येऊ?”

बाहेर आचारी खाकरला, बाबांनी तिकडं पाहिलं नाही.

“म्या म्हटलं, चूलबंद हाय माय, सगळे या. तिच्या भिताडाले लागून दुसरं घर. त्याइनं आयकलं. मंग त्याइले एक मानूस कसं सांगाव? अन् मंग तिसरं घर…” असं दोनशे घरांचं गाव त्यांनी मला बसल्या जागी फिरवून आणलं.

मला हसू येत होतं आणि राग मावत नव्हता, दोन्ही एकदम. भलत्या वेळी हसले असते तर राग वाया गेला असता, म्हणून मी ओठ दाबून धरले. बाबा अजून बसलेच होते. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळत होतं आणि ते म्हणत नव्हते. ज्या माणसानं जन्मात कोणापुढं हात पसरला नाही, त्यानं शेवटी पोरीकडे पाहिलं आणि म्हटलं, “तुह्या पिशवीतले मले दे. लोकं उपाशी जाऊन राह्यले.”

पिशवी माझ्या कमरेलाच होती. लग्न लागतानाही होती, नवऱ्यानं हार घातला तेव्हाही होती. मी एका क्षणात उदारपणे काढून दिली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खरं सांगते, गाठ सोडायला मला वेळ लागला. गाठ मीच घट्ट मारली होती आणि मला ती सोडायची नव्हती. बाहेर पोट्ट्यांनी ताटं वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठं ती सुटली.

जीप रिसोडला गेली. तांदूळ आले, तुरीची डाळ, बेसन, साखर, तेल, वांगी आली. जेवायला आलेल्या गावच्या बायांनीच पदर खोचले आणि लग्नातल्या साड्यांतच बसून वांगी चिरली. सासूबाई आधी पाहत राहिल्या, मग त्यांनीही एक विळी ओढली. पंगती दिवस कलेपर्यंत चालल्या. शाळेमागची म्हातारी, सून आणि नातू, तिघं एका ओळीत बसलेले मी खिडकीतून पाहिले. म्हातारीनं बुंदी दोनदा मागून घेतली. माझ्या पिशवीतली बुंदी! पण ती खात असताना तिच्यावर रागवायचं काही मला जमलं नाही. एक माणूस उपाशी गेला नाही. गाव आजही त्या लग्नाचं नाव काढतं, पण नवरी कशी दिसत होती ते कोणाला आठवत नाही, वांग्याची भाजी आठवते.

मशीनचं विचाराल, तर शेठजींनी ते तीन महिने धरून ठेवलं आणि मग विकलं. त्यांचाही धंदा आहे. मी सासरी हातानं फॉल लावायला सुरुवात केली. सुईनं बोटाला घट्टे पडले. मशीन आलं ते सव्वादोन वर्षांनी, माझ्याच कमाईचं. आज धनजपर्यंतच्या साड्या माझ्याकडे येतात. पण त्या सव्वादोन वर्षांचा प्रत्येक टाका घालताना मी बाबांना मनातल्या मनात एक तरी शब्द ऐकवला असेल.

आता त्या दिवसाचं शेवटचं सांगते. मी गाडीत बसायला निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. आई रडली, बहीण रडली, मामा तर असा रडला की वाजंत्रीवाल्यांनी वाजवणं थांबवलं. बाबा मागं उभे होते. दुपारपासून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मीच गेले आणि त्यांच्या गळ्यात पडले. लोकांना वाटलं, बाप-लेकीची ताटातूट. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि मी बाबांच्या कानात भांडत होते.

“काल सांज्याले काहून नाही सांगतलं मले? आल्या-आल्या सांगाचं होतं. रातीच किराना आनला असता. म्या काय पैशे देल्ले नसते का?”

बाबांनी माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाले, “तू नाही म्हनली असती त?”

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. 

“अन् तू नाही म्हनलेलं मले आयकाचं नव्हतं,” ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी मी दारात उभी होते, हळदीच्या अंगानं, पिशवी कमरेला. त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हातारबुवाला त्याच पावली परत पाठवलं असतं, प्रत्येक दारी, त्या म्हातारीच्याही, एकच माणूस या म्हणून सांगायला.

तेव्हा मात्र मी रडले. खरी रडले, मोठ्यानं, आणि बाबांनी मला गाडीपर्यंत हाताला धरून नेलं.